ओला ड्रम परत पाठवणारी सिस्टर : चिपळूणजवळच्या एका रुग्णालयाचा अनुभव

थोरल्या भावाच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चिपळूणजवळच्या एका लहान खाजगी रुग्णालयात चार दिवस होतो. मी स्वतः सत्तावीस वर्षे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, परिचारिका म्हणून काढली असल्यामुळे खोलीचे भाडे, जेवण यांपेक्षा माझे लक्ष ओटीच्या दाराकडेच अधिक होते. (जेवण बरे होते, कुळथाची पिठी तर उत्तमच.)

सकाळी नऊची वेळ दिलेली असताना ऑपरेशन साडेदहाला सुरू झाले आणि बाहेर नातेवाइकांची कुरकूरही झाली. कारण मात्र मी डोळ्यांनी पाहिले. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या मशीनमधून, आलेला गाऊन-टॉवेलचा ड्रम (धातूचा डबा) सिस्टरने दारातच उघडला, वरच्या कापडाला हात लावला आणि तो तसाच परत पाठवला. ड्रमवरच्या टेपच्या रेघा व्यवस्थित काळ्या झालेल्या होत्या. परंतु त्या रेघांवरून ड्रमला वाफेची उष्णता लागली एवढेच कळते, आतले कापड कोरडे झाले की नाही हे कळत नाही. 121 अंशांवर निर्जंतुक झालेले कापडसुद्धा ओलसर राहिले, तर बाहेरचे जंतू त्या ओलाव्यातून आत झिरपतात, आणि कोकणातल्या पावसाळ्यात, जिथे दोरीवरची चादर चार दिवस वाळत नाही, तिथे मशीनमधला वाळवण्याचा वेळ घाईघाईने कापला की नेमके हेच होते. हर्नियाच्या जागी पोटाला आधार म्हणून आत जाळी बसवायची असताना हा धोका पत्करणे योग्य नव्हते, कारण जाळीला पू धरला तर पुष्कळदा ती काढूनच टाकावी लागते. सर्जन कपडे बदलून तयार असताना त्यांना थांबवायला धीर लागतो. तो त्या पंचविशीतल्या मुलीने दाखवला आणि डॉक्टरांनीही तिचा शब्द मानला, म्हणून मी या ओटीला चांगले गुण देते.

वॉर्डाबाबत तसे म्हणता येत नाही. आदल्या रात्रीच साध्या रेझरने पोटावरचे केस काढण्यात आले. रेझरने कातडीवर बारीक ओरखडे पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस काढणे आवश्यकच असेल, तर ते ऑपरेशनच्या थोडे आधी क्लिपरने (केस कातरण्याच्या मशीनने) काढावेत, असा नियम आता सर्वमान्य आहे. मेट्रनबाईंशी बोलले, तेव्हा त्यांनी ऐकून घेतले, पण क्लिपर मागवण्याबाबत काही सांगितले नाही.

दहाव्या दिवशी टाके काढले, जखम कोरडी होती. जाळी असल्याने पुढचे तीन महिने लाली, सूज किंवा ताप यांवर लक्ष ठेवायचे असते, हे मात्र डिस्चार्ज कार्डावर कुठेच लिहिलेले नव्हते; ते दादाला मीच सांगितले.