ग्लो लावला की हिरवे चौकोन: रेंडरर बदलायचा की ड्रायव्हर?

बडोद्यात नवरात्र संपली की आपल्या मराठी एडिटर मंडळींच्या टेबलावर गरब्याच्या फुटेजचा ढीग पडतो. चनिया-चोळीच्या आरशांवर ग्लोचं (चमक देणारं) प्लगइन टाकलं, की प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मधूनच हिरवे चौकोन नाहीतर एखादी काळी फ्रेम. मग दोन रस्ते.

पहिला: प्रोजेक्ट सेटिंग्ज, जनरलमध्ये जाऊन रेंडरर, म्हणजे चित्र तयार करणारी यंत्रणा, ‘सॉफ्टवेअर ओन्ली’ करा. मिनिटभराचं काम. चौकोन गेले तर गडबड जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) बाजूची, हे लगेच कळतं. जुने प्रिव्ह्यू (आधी रेंडर करून ठेवलेल्या फाइली) ठेवायचे की पुसायचे असं विचारलं, तर पुसा. नाहीतर रेंडर केलेल्या भागात जुनीच घाण दिसत राहते आणि माणूस उगाच प्लगइनला शिव्या घालतो. पण वेग? फोर-केची टाइमलाइन मुंगीच्या पावलांनी चालते. म्हणून सगळा प्रोजेक्ट असा काढू नका. तेवढीच क्लिप ‘रेंडर अँड रिप्लेस’ करा, म्हणजे इफेक्टसकट तिची नवी फाइल बनवून तिच्या जागी ठेवा, आणि रेंडरर पुन्हा जीपीयूवर आणा. मूळ क्लिप नंतर परत मिळवता येते. काही प्लगइन स्वतःच जीपीयू वापरतात, तिथे मात्र ही युक्ती चालत नाही.

दुसरा: ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बदलणं. कार्ड एनव्हिडियाचं असेल तर गेमिंगसाठीच्या ‘गेम रेडी’ऐवजी ‘स्टुडिओ’ ड्रायव्हर, तोही ‘क्लीन इन्स्टॉल’ (जुना पूर्ण काढून) करून. रोग मुळातून जाऊ शकतो, पण दुसरंच काही बिघडायची भीती असते.

उद्या डिलिव्हरी असेल तर मी ड्रायव्हरला हात लावत नाही. दिवाळीनंतर निवांत बघावं.