गच्चीवरच्या भाज्यांना टायमरवालं ठिबक: तीन ऋतू वापरल्यानंतर

नवऱ्याला अंबडच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि पाठोपाठ मला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. त्याची पाळी आठवड्याला बदलते, माझी नाइट कधी लागेल त्याचा नेम नाही. गच्चीवर मिरची, वांगी, टोमॅटो, दुधी, दोडका अशा तीसेक कुंड्या, आणि नाशिकचा एप्रिल. खालच्या मालकीणकाकू एखाद-दोन दिवस पाणी घालतील, पण रोज कुठल्या तोंडाने सांगणार? म्हणून टायमरवालं ठिबक घेतलं.

ऑनलाइन तयार संच भरपूर दिसतात. मी मात्र दिंडोरी रोडला मार्केट यार्डाजवळ ठिबकच्या दुकानात गेले. तिथे सगळी गर्दी द्राक्षवाल्यांची, तरी दुकानदारांनी माझ्या तीस कुंड्यांची नीट चौकशी केली. पहिलाच प्रश्न होता, “ताई, टाकी कुंड्यांपेक्षा किती उंच आहे?”

सगळी मेख इथेच आहे. पाण्याला १ बार दाब मिळायला सुमारे १० मीटर उंची लागते. गच्चीवरची टाकी दीड-दोन मीटरवर, म्हणजे दाब अगदीच थोडा. स्वस्तातले बरेच टायमर सोलेनॉइड व्हॉल्व्हचे, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणाऱ्या झडपेचे असतात. एवढ्या कमी दाबाला ते नीट उघडत नाहीत. बॉल व्हॉल्व्हचा टायमर मोटरने फिरून उघडतो, त्याला दाबाची गरज नसते. आम्ही तोच घेतला, अडीच हजारांच्या आसपास पडला. ड्रिपरचंही, म्हणजे कुंडीत थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीचंही, तसंच. दाब सारखा ठेवणारे महागडे ड्रिपर टाकीच्या पाण्यावर उपयोगाचे नाहीत, साधे फिरवून कमी-जास्त करता येणारे घ्या. पाकिटावरचा ‘ताशी ४ लिटर’ हा आकडा १ बारचा असतो, आमच्याकडे त्याच्या निम्मंही पडत नाही. म्हणून ड्रिपरखाली बाटली धरून पाणी मोजलं आणि त्यावरून वेळ लावली: पहाटे पाचला एकदा, उन्हाळ्यात संध्याकाळी पुन्हा.

एप्रिल-मेमध्ये एकही वांग्याचं झाड सुकलं नाही. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की बादल्या उचलण्यात जाणारा वेळ आता झाडांकडे बघण्यात जातो. मिरचीच्या पानाखालची मावा कीड पसरायच्या आत दिसते, लगेच निंबोळी तेल फवारता येतं. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, ते तर आमच्यासारख्या नोकरदारांच्या सोयीचंच. घरी येऊन चहा होईपर्यंत नर फूल तोडून मादी फुलावर फिरवायचं, की फळ धरायची खात्री वाढते. कारलं सकाळी फुलतं, आणि सकाळी आमच्या घरात कोणालाच उसंत नसते. कारलं आम्ही बंद केलं.

उणिवाही आहेत. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी ड्रिपर तुंबतात. महिन्यातून एकदा काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे लागतात, आणि हे काम सुट्टीच्या दिवशीच होतं. टाकीपासून लांबच्या कुंड्यांना पाणी कमी मिळतं. तिकडचे ड्रिपर जास्त उघडून ठेवले तरी फरक पूर्ण जात नाही. पालक-मेथीच्या पसरट ट्रेला ठिबक शोभत नाही, एका जागी चिखल आणि बाकी माती कोरडी. पालेभाजीला झारीच बरी. आणि पाऊस पडून गेलाय हे टायमरला कळत नाही, ते आपणच लक्षात ठेवायचं.

दहाच्या आत कुंड्या असतील तर एवढा खर्च करू नका, झारीने पाच मिनिटांचं काम आहे. वीसच्या वर असतील आणि घरात दोघंही नोकरीवर जात असतील तर नक्की घ्या, मी पुन्हा घेईन. टायमरच्या आधी जाळीचा फिल्टर बसवाच, दोन-अडीचशे रुपयांसाठी तो टाळू नका. जूनमध्ये पाऊस लागला की टायमर बंद करून सेल काढून ठेवा. आत राहिले तर पाझरतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात.