भाव मी पाडला, लॅपटॉप त्याने बदलला

परतीच्या लोकलमध्ये मी बहिणीला फोन लावला आणि सांगितलं, "साडेसहा हजार पाडले!" डब्यातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं, म्हणून मी आवाज आणखी थोडा चढवला. शेजारी मुलगा मांडीवर नवी कोरी लॅपटॉपची बॅग धरून बसला होता. ती बॅगही मी फुकटात पदरात पाडून घेतली होती. त्या बॅगेची गोष्ट पुढे येईलच.

ऑगस्ट 2024. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायचा ठरला. ऑनलाइन तो 63,990 ला दिसत होता. मुलगा म्हणत होता, "आई, सरळ ऑर्डर करू." पण समोर माणूस नसेल तर भाव करायचा कुणाशी? मी त्याला घेऊन ग्रँट रोडला उतरले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रेडिओच्या सुट्या भागांपासून सर्व्हरपर्यंत काय हवं ते तिथे मिळतं. गल्लीत चांगली, सचोटीची दुकानं खूप आहेत. आम्ही नेमके चौथ्या दुकानात शिरलो.

विक्रेता मराठी निघाला. राजापूरचा. माझं माहेर लांज्याचं म्हटल्यावर त्याने मागच्या पोऱ्याला चहा सांगितला. मुलाने शोकेसमधला लॅपटॉप तपासला: इंटेल आय5-13420एच प्रोसेसर, 16 जीबी रॅम, 512 जीबीची एसएसडी. हवा तोच. भाव 64,000. मी 55 म्हटलं. तो हसला, मीही हसले. पाऊण तासाने आम्ही 57,500 ला आलो, वर बॅग आणि माऊस. मध्ये दोनदा मी उठून दारापर्यंत गेले होते. दोन्ही वेळा त्याने "ताई, असं काय करता" म्हणून परत बोलावलं.

मग त्याने ठेवणीतला बाण काढला. "पण ताई, या भावात बिल नाही बसत. पक्कं बिल हवं तर वर 18 टक्के जीएसटी." मी पतपेढीत हिशेब सांभाळते, मला हे सांगत होता! मी म्हटलं, "खोक्यावर छापलेली एमआरपी सगळे कर धरूनच असते. तुम्ही आणखी कुठला कर लावताय?" त्याने हात जोडले. "ताई, तुम्ही वकील आहात का?" मुलाकडे बघून म्हणाला, "तुझ्या आईपुढे आपलं काही चालणार नाही बाबा."

आता वाटतं, त्याला त्या दिवशी सर्वांत जास्त उपयोगी पडलं असेल तर हेच वाक्य. मी जिंकले होते. जिंकलेला माणूस पुढचं काही तपासत नाही.

"शोकेसमधला पीस कशाला नेता, गोडाऊनमधून सीलबंद मागवतो." वीस मिनिटांनी खोका आला. तीच कंपनी, तसाच करडा रंग. "सेटअप करून देतो" म्हणत पोऱ्याने तो आतल्या टेबलावर नेला आणि आमच्याकडे पाठ करून टेप कापली. "मायक्रोसॉफ्ट ऑफिसपण टाकून देतो, वेगळे पैसे नकोत." तोवर मी बिल बघत होते. दुकानाचा जीएसटी क्रमांक होता, महाराष्ट्राच्या 27 ने सुरू होणारा. नऊ टक्के केंद्राचे, नऊ राज्याचे, बेरीज मी मनात करून पाहिली. बरोबर आली. माल या रकान्यात लिहिलं होतं, 'लॅपटॉप आय5, 16/512, 1 नग'. एवढंच.

निघताना तो म्हणाला, "एवढा मोठा खोका लोकलमध्ये कुठे वागवता? बॅग घेतलीच आहे ना तुम्ही, त्यातच भरून देतो." मी त्याचे आभार मानले. अगदी मनापासून.

चार महिने लॅपटॉप चालला. मुलगा अधूनमधून म्हणायचा, जरा हळू वाटतो. मी म्हणायचे, तुझं इंटरनेट हळू असेल. ऑक्टोबरात ऑफिस 'परवाना नाही' असं सांगायला लागलं, तेही आम्ही चालवून घेतलं. डिसेंबरात चार्जिंग थांबलं. ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या मुलीने मशीन उलटं करून सीरियल नंबर टाइप केला आणि विचारलं, "मॅडम, हा सेकंडहँड घेतलाय का?"

वॉरंटी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली होती आणि ऑक्टोबर 2024 मध्ये संपली होती. म्हणजे मी पैसे मोजले तेव्हाच वर्षातले दहा महिने वापरून झाले होते. तो पीस कुणाच्या घरून परत आला होता की कुठल्या शोकेसमध्ये चालू राहिला होता, देव जाणे. मुलीने पुढे दाखवलं की आतला प्रोसेसर 13420एच नसून आय5-1235यू आहे, एक पिढी आधीचा आणि कमी विजेवर चालणारा. रॅम कंपनीने 8 जीबी दिली होती, दुसरी आठची पट्टी बाहेरून खोचलेली होती. ती पट्टी भलत्याच कंपनीची.

मी बिल पुढे केलं. ती खरंच मदत करू पाहत होती. म्हणाली, वॉरंटीची तारीख चुकलेली असेल तर खरेदीचं बिल दाखवून ती दुरुस्त करून घेता येते, पण बिलावर हाच सीरियल नंबर असला पाहिजे. "यावर तर मॉडेलसुद्धा नाही. हे बिल याच लॅपटॉपचं आहे हे मी वर कसं सांगू? खोका आहे का? त्यावर मॉडेल, सीरियल नंबर, उत्पादनाचा महिना, सगळं असतं."

खोका लॅमिंग्टन रोडला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून दुकानात गेले. राजापूरचा दिसला नाही. गल्ल्यावरच्या शेटनी बिल उलटसुलट केलं. "ताई, आय5 लिहिलंय, आय5 दिलाय. सोळा लिहिलंय, सोळा आहेत. खोटं काय?" प्रोसेसरचं काढलं तर म्हणे, "तुमचा तो आठ कोअरचा होता, हा दहा कोअरचा आहे. उलट जास्तीच दिलंय." हे बोलणं तर मला फारच आवडलं, कारण ते खरं आहे! 1235यूमध्ये दहा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, असतात, पण मोठे फक्त दोन आणि छोटे आठ. 13420एचमध्ये मोठे चार, छोटे चार. चार माणसं आणि चार पोरं ठरवलेली असताना दोन माणसं आणि आठ पोरं लावून 'मजूर जास्त दिले' म्हणावं, तसं.

माझं चुकलं कुठे, यावर मुलाचं आणि माझं अजून एकमत नाही. तो म्हणतो, भाव करायलाच नको होता. मला ते पटत नाही. भाव करावा, पण कशाचा करतोय ते आधी कागदावर यावं. मी पाऊण तास 'लॅपटॉप'चा भाव केला. करायला हवा होता तो पूर्ण मॉडेल नंबरचा, शेवटच्या अक्षरापर्यंत. कंपन्या एकाच नावाखाली, एकाच रंगात पाच-सहा प्रकार काढतात आणि फरक सगळा त्या शेपटीत असतो. शिवाय शेजारच्या तीन दुकानांत 62 च्या खाली कुणी येत नव्हतं आणि हा एकटा 57 वर उतरत होता, तेव्हा मला आनंद न होता भीती वाटायला हवी होती.

खोका आपल्यासमोर, आपल्या हाताने उघडा. त्यावरचा सीरियल नंबर, लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळल्याशिवाय पैसे देऊ नका. तोच नंबर दुकानात उभ्या उभ्या कंपनीच्या साइटवर टाकला की वॉरंटी कधी सुरू झाली ते दिसतं. आम्ही तेव्हा चहा पीत होतो. मशीन चालू केल्यावर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव आणि रॅम दिसते, त्याला एक मिनिट लागतं. ऑफिस 'टाकून' घेऊ नका. लॅपटॉपबरोबर अधिकृत मिळत असेल तर ते आपल्याच खात्यावर, आपल्याच हाताने चालू करा. आणि खोका लोकलमध्ये न्या. लोक शिव्या देतील, देऊ द्यात.

चार्जिंगच्या दुरुस्तीला 4,800 गेले. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पुढची चौकशी केली तेव्हा कळलं की 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुंबईला खेटे घालायला नकोत, दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पुरावा लंगडा आहे हे मला ठाऊक होतं. पण त्या दिवशी मुलाने शोकेसमधल्या लॅपटॉपचा, भावाच्या चिठ्ठीसकट, मित्राला पाठवायला फोटो काढला होता. आणि भाव ठरल्यावर राजापूरच्याने माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर मॉडेलचं नाव टाकलं होतं. दोन्हीच्या प्रती काढून दुकानाला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली.

नवव्या दिवशी फोन आला. शेट नव्हते, राजापूरचाच होता. "ताई, आपण गाववाले. कशाला कोर्टकचेरी? दोन हजार घ्या आणि मिटवा."

मी म्हटलं, पंधरा.

तो हसला. या वेळी मी हसले नाही. काल तो साडेचारवर आलाय. मी अजून पंधरावरच आहे.