तांब्याचा कॅलरीमीटर की थर्माकोलचा कप? विशिष्ट उष्मा काढायला काय घ्यायचं

लोखंडाच्या तुकड्याची विशिष्ट उष्माधारकता (म्हणजेच विशिष्ट उष्मा, एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) काढायची म्हटलं की लॅबमध्ये तांब्याचा कॅलरीमीटर, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं असतं, घरी प्रोजेक्ट करणारे थर्माकोलचा कप शोधतात. दोन्हीवर काम होतं, पण चूक दोघांत वेगळ्या जागी शिरते, त्यामुळे आधी ते बघा.

तांब्यातून उष्णता झटकन पसरते, म्हणून पाणी, भांडं, ढवळणी सगळं पटकन एकाच तापमानाला येतं आणि भांड्याने किती उष्णता घेतली ते त्याच्या वजनावरून नेमकं काढता येतं. पण ते काढायलाच हवं! समजा १०० ग्रॅम लोखंड उकळत्या पाण्यात ९८ अंशांपर्यंत तापवलं (पुण्यात पाणी साधारण तेवढ्यालाच उकळतं) आणि २७ अंशांच्या १०० ग्रॅम पाण्यात टाकलं, भांडं नि ढवळणी मिळून ६० ग्रॅम, तर सगळं ३३.६ च्या आसपास येऊन थांबतं. आता हिशोबात भांडं धरलंच नाही, म्हणजे ६० गुणिले ०.३८५ (तांब्याचा विशिष्ट उष्मा), अंशामागे साधारण २३ ज्यूल सोडून दिले, तर लोखंडाच्या खऱ्या ०.४५ च्या जागी ०.४३ उत्तर येतं, पाच टक्के तिथेच गेले.

थर्माकोलचा कप जेमतेम दोन-तीन ग्रॅमचा, त्याचा वाटा एक टक्क्याच्याही आत, सोडून दिला तरी चालतो. त्याची भिंत आतून गरम आणि बाहेरून खोलीच्या तापमानाची राहते, म्हणजे भिंतीने नेमकं किती घेतलं ते सांगता येत नाही, पण आकडा इतका लहान आहे की फरक पडत नाही. थर्मामीटर ठेवला की कप कलंडतो, म्हणून बीकरमध्ये बसवा, आणि झाकण दोन्हीकडे हवंच. एक अडचण खरी आहे, २०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या कप-प्लेटवर बंदी आहे, तेव्हा एकात एक घातलेले दोन जाड कागदी कप घ्या.

तांब्याचं भांडं लाकडी पेटीत, कापूस किंवा फेल्ट लावून ठेवलं नाही तर उष्णता बाहेर जातच राहते. रम्फर्ड या शास्त्रज्ञाची जुनी युक्ती आहे, पाणी खोलीपेक्षा तीनेक अंश थंड घेऊन सुरू करायचं, मग आधी आत आलेली आणि नंतर बाहेर गेलेली उष्णता बरीचशी फिटते. मला ही युक्ती फार आवडते.

तरी खरा घोळ थर्मामीटरचा. वरच्या उदाहरणात पाण्याच्या तापमानातली वाढ फक्त साडेसहा अंशांची, एकेक अंशाच्या खुणांच्या थर्मामीटरवर अर्धा अंश चुकलात तर सात-आठ टक्के जातात, भांड्याच्या चुकीपेक्षाही जास्त! पैसे घालायचेच तर ०.१ अंश दाखवणाऱ्या थर्मामीटरवर घाला.

प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षेची तयारी असेल तर मी डोळे झाकून तांबं म्हणेन, भांड्याचा हिशोब त्याशिवाय डोक्यात बसत नाही. आम्ल-अल्कलीची उदासिनीकरण उष्णता (दोन्ही मिसळल्यावर बाहेर पडणारी) मोजायची असेल तर मात्र कपच घ्या, आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळवतं आणि रीडिंगमध्ये भलतीच उष्णता मिसळते.