हेडफोन लाखात एक, ॲप मात्र उरावर बसलंय! (नऊ महिने वापरून)

लिहायचं निमित्त गेल्या मंगळवारचं. सकाळची डोंबिवली लोकल, खिडकीची सीट (म्हणजे नशीब जोरावर), कानात किशोरीताईंचा भूप. नकळत मी गुणगुणले आणि ताई एकदम गप्प! मी बोलतेय असं समजून हेडफोनने गाणं थांबवलं आणि बाहेरचा सगळा कलकलाट आत सोडला. ही सोय मी दिवाळीतच बंद केली होती. आदल्या रात्री हेडफोनच्या ॲपने आपणहून अपडेट घेतलं आणि ती परत सुरू करून ठेवली.

ही सोय कोणासाठी केलीय, देव जाणे. खोकला आला, गाणं बंद. समोरच्या काकूंना 'ठाणे गेलं का?' विचारलं, गाणं बंद. बरं, ज्याला गाणं ऐकताना गुणगुणायचंच नाही, तो हेडफोन घेतोच कशाला?

कंपनीचं नाव घेत नाही. सेलमध्ये १७,५०० ला घेतला आणि घरी १२,००० सांगितला, एवढं पुरे.

ज्यासाठी घेतला ते काम मात्र चोख करतो. चाकांची घरघर, डब्यातल्या पंख्यांचा घुं-घुं आवाज, ऑफिसातला एसी, बटण दाबलं की गायब. पण शेजारच्या डब्यातलं भजनी मंडळ जात नाही. एकसुरी खर्जाच्या आवाजाला उलटी लाट सोडून तो मारता येतो. टाळ, शिट्टी, कुकर, भांडण यांना ही मात्रा तितकीशी लागू पडत नाही. खरं तर घरघर गेल्यावर माणसांचं बोलणं जास्तच स्वच्छ ऐकू येतं. आमच्या डब्यातल्या दोन सुनांची अख्खी कथा मला तोंडपाठ आहे.

आता ॲप. पहिल्याच दिवशी लोकेशन मागितलं तेव्हा मी भडकले होते. गाणी ऐकायला माझा पत्ता कशाला? नंतर कळलं की माझा जुना फोन अँड्रॉइड १० वर होता, आणि ११ पर्यंत ब्लूटूथवर आसपासचं उपकरण शोधायलासुद्धा लोकेशनचीच परवानगी लागायची. १२ पासून त्यासाठी वेगळी परवानगी आली. म्हणजे तेव्हाच्या शिव्या मागे घेते. पण नवा फोन अँड्रॉइड १४ चा, तरी ॲप लोकेशन मागतंच! म्हणे, तुम्ही स्टेशनवर आहात की ऑफिसात ते ओळखून आवाज आपोआप बदलू. नको म्हटलं, काही अडलं नाही. लॉगिनही मागतं, तेही टाळता येतं. फक्त 'नंतर' हे अक्षर मुंगीएवढं आहे.

एलडॅकचं (ब्लूटूथवरून गाणं जास्त बारकाव्यांसकट पाठवायची पद्धत) कौतुक फार ऐकलं होतं, ९९० केबीपीएस वगैरे. गर्दीच्या डब्यात गाणं तुटायला लागलं, तेव्हा ॲपमधून 'कनेक्शन पक्कं ठेवा' निवडलं आणि एलडॅक सोडून दिलं. चालत्या लोकलमध्ये फरक ऐकू येणाऱ्याला माझा नमस्कार.

सातव्या महिन्यात घरघर परत आत यायला लागली. नुकतंच अपडेट झालं होतं, म्हणून सगळा दोष मी ॲपला दिला. सर्व्हिस सेंटरमध्ये दोन शनिवार घातले. पहिल्यांदा 'ॲप काढून परत टाका मॅडम', दुसऱ्यांदा '७,२०० होतील, अख्खं युनिट बदलावं लागेल'. घरी येऊन धुसफुसत होते, तर भाच्याने हेडफोन माझ्या कानावर दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. घरघर गायब! गाद्या चपटल्या होत्या. आपला घाम, मुंबईची दमट हवा, त्यात माझ्या चष्म्याच्या काड्या. फट राहिली की खर्जाचा आवाज तिथूनच घुसतो. ६५० रुपयांत गाद्यांची जोडी ऑनलाइन मागवली, बसवायला दहा मिनिटं. ७,२०० सांगणाऱ्याने एकदा तरी गादीला बोट लावून बघायचं होतं ना!

तेव्हा ॲपवरचा हा एक आरोप मी मागे घेतला होता. मग मंगळवार आला आणि त्याने पुन्हा पायरी दाखवली.

आता उपाय केलाय. गाणं थांबवायची ही सेटिंग हेडफोनच्याच पोटात राहते, एकदा बंद केली की रोज ॲप लागत नाही. म्हणून नव्या फोनवरून ॲप काढून टाकलं. जुन्या फोनवर ठेवलंय, सिम नाही, वायफाय बंद, म्हणजे अपडेट यायचा प्रश्नच नाही. काही बदलायचं झालं तरच तो कपाटातून काढायचा. सेटिंग बंद केली, बुधवारपासून किशोरीताई अखंड गातायत आणि मीही.

काल कपाट आवरताना त्या जुन्या फोनचं मागचं झाकण किंचित वर आलेलं दिसलं. बॅटरी फुगलीय. नवी बसवायचे हजारभर होतील म्हणे. घरी अजून सांगितलेलं नाही.