स्टुडिओ ५४: आत स्वर्ग, दारात अपमान
न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ ची सर नंतर कुठल्याच नाइटक्लबला आली नाही. १९७७ ला सीबीएस या टीव्ही कंपनीच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाला, मूळचं थिएटर, त्यामुळे लाइट आणि सेट वरून डान्स फ्लोअरवर खाली यायचे आणि बघता बघता सगळा माहोलच बदलायचा, भारीच! पण दारावरचा प्रकार मला अजिबात पटत नाही, क्लबचा मालक स्टीव्ह रुबेल स्वतः उभा राहून तोंडं बघून आत घेणार आणि बाकीचे बाहेर ताटकळत. वाट लावली ती हावेनं, १९७८ च्या डिसेंबरमध्ये धाड आणि मग टॅक्स चुकवला म्हणून रुबेल आणि पार्टनर इयन श्रेगर दोघंही जेलात. १९८१ ला नव्या मालकानं परत उघडला पण ती मजा गेली ती गेलीच. आता तिथे नाटकं होतात, इमारत तरी वाचली याचं खरंच बरं वाटतं.