ब्रोकोलीचं ‘पॅकेज’: रोपं, ठिबक आणि खरेदी एकाच्याच हातात देऊ नका

पुण्याच्या आसपास खेड, आंबेगाव, जुन्नर, मुळशी, पुरंदर या पट्ट्यात ब्रोकोलीच्या नावाने एक सौदा विकला जातो. रोपं आमची, ठिबक आमचं, माल पुण्यातल्या हॉटेलांना आम्हीच घालणार. तुम्ही फक्त रान आणि पाणी द्या, निम्मे पैसे आगाऊ. यात अडकलेल्यांचा अनुभव थोड्याफार फरकाने एकच असतो. गड्डा भरला नाही की पाण्याकडे बोट दाखवलं जातं, पाणी नीट दिलंय म्हटलं की खताकडे, आणि तरीही माल निघालाच तर ‘ग्रेड बसत नाही’. तिन्ही गोष्टी एकाकडूनच घेतलेल्या, त्यामुळे चूक कशात होती हे कधी ठरतच नाही. तोवर दोन-अडीच महिने गेलेले असतात.

आधी रोपं. १.२ मीटरवर बेड, बेडवर दोन ओळी, दोन रोपांत ४५ सेंमी धरलं तर एकरी सुमारे १५,००० रोपं लागतात. पैसे नगावर घेतात, उतरवताना मात्र ट्रे मोजतात. १०४ कप्प्यांचा हिशेब सांगून १४५ ट्रे उतरवले आणि ट्रे ९८ कप्प्यांचे निघाले, तर ८७० रोपं तिथेच कमी. रिकामे कप्पे वेगळेच. म्हणून आठ-दहा ट्रे तरी स्वतः मोजा.

खरा घात रोपाच्या वयात आहे. लागवडीला २५ ते ३० दिवसांचं, चार-पाच पानांचं रोप हवं. नर्सरीत पडून राहिलेली ४०-४५ दिवसांची रोपं पाणी मारून टवटवीत दिसतात आणि तीच गाडीत चढतात. दोन-चार कप्प्यांतून रोप उपसून पाहा. चांगल्या रोपाची मुळं पांढरी आणि कोकोपीट (ट्रेमध्ये भरलेला नारळाचा भुसा) धरून असतात. वय झालेल्याची तपकिरी, तळाशी गोल गुंडाळलेली. खोड कडक, जांभळट, खालची पानं पिवळी. असं रोप मरत नाही, म्हणूनच शेतकरी गाफील राहतो. पानांचा पसारा होण्याआधीच त्याला नाण्याएवढा गड्डा धरतो आणि तिथेच थांबतो. मग कितीही विद्राव्य खत सोडा, तो ३००-४०० ग्रॅमचा होत नाही. शेंडाच नसलेली रोपंही ट्रेमध्ये असतात, ती तिथल्या तिथे परत करा.

चिठ्ठीवर नुसतं ‘जपानी हायब्रीड’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. बियाण्याचं रिकामं पाकीट मागा, त्यावरचा वाण, लॉट नंबर आणि मुदत यांचा फोटो काढा, आणि तोच लॉट नंबर पक्क्या बिलावर लिहून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत ‘उन्हाळ्यातही चालतं’ म्हणून रोपं देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ब्रोकोलीला गड्डा भरताना १५ ते २० अंश तापमान मानवतं. आपल्याकडे उघड्या रानात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हीच लागवड भरवशाची.

ठिबकमध्ये गंडवणं आणखी सोपं, कारण काळी नळी सगळी सारखीच दिसते. वरच्या मांडणीत बेडला एक नळी धरली तर एकराला ३,३७० मीटर इनलाइन लॅटरल, म्हणजे आतच ड्रीपर बसवलेली नळी, बसते. ४० सेंमीवर ड्रीपर म्हणजे सुमारे ८,४०० ड्रीपर. ताशी २ लिटरचे असतील तर तासाला १७,००० लिटर पाणी. थंडीत गड्डा भरताना रोज साधारण तासभर एवढं पुरतं. नळीवर आयएस १३४८८ (ठिबकच्या नळीचं भारतीय मानक) आणि आयएसआयचा छाप आहे का, तो जागोजाग छापलाय का, हे पाहा. बंडल मापून घ्या.

मग उरलेले पैसे देण्याआधी ही तपासणी कराच. फिल्टर धुऊन, नळ्यांची टोकं उघडून पाणी वाहू द्या, टोकं बंद करा, दाब १ किलोवर आणा. ड्रीपरखाली वाटी ठेवून ३ मिनिटं पाणी धरा. २ लिटरच्या ड्रीपरने १०० मिली भरायला हवं. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या टोकाला, तीन-चार नळ्यांवर मोजा. सुरुवातीला १६० आणि टोकाला ५० भरलं तर तो संच नाकारा. अनुदानाचं आमिष दाखवणारे तर फार. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज स्वतःच्या नावाने स्वतः करा आणि पूर्वसंमती येण्याआधी खरेदी करू नका.

पीक बिघडलंच तर रान चालून पाहा, खूण तिथेच असते. सगळीकडे सारखेच बारीक गड्डे आणि झाडही खुजं, तर संशय रोपांवर. नळीच्या सुरुवातीला भरलेले आणि टोकाकडे लहान होत गेलेले, तर पाणी कमी पोचलंय. आकार बरा पण गड्डा सैल, मधून पानं आलेली, कळ्या पिवळ्या, तर उष्णता भोवली. पानांची ठेवण वेगवेगळी, मध्येच फ्लॉवर, तर बियाण्यात भेसळ. ‘तुम्ही बोरॉन (सूक्ष्म अन्नद्रव्य) दिलं नाही’ हे विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं. दांडा आडवा कापा: बोरॉन कमी असेल तर आत पोकळ आणि तपकिरी दिसतो. दांडा पांढरा, भरीव असेल तर ते उत्तर टिकत नाही.

खरेदीच्या करारात ‘ए ग्रेड’ एवढंच लिहिलेलं असतं. गड्ड्याचं वजन, व्यास, दांड्याची लांबी, दर, वजन कुठे होणार, क्रेट आणि गाडी कुणाची, काढणीनंतर किती तासांत उचल, हे लिहिलेलं नसेल तर तो कागद निरुपयोगी आहे. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात दर पडला की गाडी येत नाही, आणि उन्हात ब्रोकोलीच्या कळ्या दोन दिवसांत पिवळ्या पडतात.

तक्रार पीक उभं असतानाच करा. पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पाहणी होऊन पंचनामा होईपर्यंत रानात नांगर घालू नका. बियाणे कायदा १९६६ मध्ये रोपंही ‘बियाणे’ या व्याख्येत येतात, हे अर्जात लिहा. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं. ५ लाखांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. सोबत पक्कं बिल, पाकिटाचा फोटो, ट्रेमधल्या रोपांचे फोटो आणि वाटीने मोजलेल्या पाण्याची तारखेसह नोंद जोडा.